एकतिसाव्या प्रश्नाचं उत्तर

जांभुळखेड, तालुका अकोट
होळीचा आदला दिवस, १९६५

प्रिय ललिता,

तुझं पत्र संक्रांतीला आलं आणि मी उत्तराला बसते आहे ती होळीला. मधल्या दोन महिन्यांत चार वेळा कागद घेतला, चारही वेळा 'प्रिय ललिता' एवढं लिहून घडी करून पेटीत ठेवला. पत्राला उत्तर न देणाऱ्यांतली मी नाही, हे तुला ठाऊक आहे. सातवी पास झालेल्या सुनेला लिहायला मिळतं ते तेवढंच, तुझं पत्र. हे परवा विचारत होते, तुझ्या मैत्रिणीशी भांडण झालं का म्हणून. मी म्हटलं, झालं नाही, होणार आहे. मास्तरांनी शिकवलेल्या मराठीत लिहिते आहे. मध्येच संताप आला की वऱ्हाडी येईल, तेवढं चालवून घे.

तुझी बातमी मी तीनदा वाचली. चाळीस देशांतल्या विद्यार्थ्यांनी गोळा केलेल्या समजुती आणि कहाण्या आता एका जाड पुस्तकात येणार, आपल्या देशाची त्यात सात पानं, आणि त्या सातांत एक पान आमच्या जांभुळखेडचं. त्या पानासाठीच तुझ्या सरांनी तुझी शिफारस केली आणि ऑगस्टात तू दोन वर्षांसाठी परदेशी शिकायला जाणार. तुझ्या वडिलांनी अकोल्यात अख्ख्या वस्तीला चहा पाजला, हे वाचून मला हसूही आलं आणि डोळेही भरले. पोरी, तू मिळवलंस. पण पुढच्या ओळीत तू लिहिलंस की ते पान म्हणजे कापसाची वेचणी संपली की, उलंगवाडीच्या दुसऱ्या दिवशी, पाळायची चाल, आणि मी तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचत बसले.

तू पहिल्यांदा आलीस तो दिवस आठवतो. एकसष्ट सालचा डिसेंबर, खांद्यावर पिशवी, हातात छापील कागदांचा गठ्ठा. गावाला वाटलं शिरगणतीची बाई आली. कोणी म्हणालं, ही पोरं कमी करा म्हणून सांगायला आली असेल, आणि दोन घरांची दारं लागलीसुद्धा. मग तू चावडीपाशी उभी राहून सांगितलंस की मी अमरावतीच्या कॉलेजात शिकते, ही माझी दोन महिन्यांची उमेदवारी आहे, परदेशातल्या एका विद्यापीठानं साठ प्रश्न काढलेत आणि तेच साठ प्रश्न माझ्यासारखी मुलं चाळीस देशांतल्या खेड्यांत विचारताहेत. मूल आजारी का पडतं, मेलेलं माणूस कुठं जातं, पाऊस कोणाचं ऐकतो, पीक घरात आल्यावर काय पाळता आणि का. खुशालराव पाटलांनी विचारलं, जपानातबी हेच इचारून राहिले का. तू हो म्हणालीस. झालं. त्या दिवसापासून गावाला एकच घोर लागला, की जपानवाल्यांचं पान भरेल आणि जांभुळखेडचं कोरं राहील.

तू उतरली होतीस देवमन गुरुजींच्या घरी, तुमच्या लोकांच्या वस्तीत. आमच्या घरी पहिल्या दिवशी आलीस तेव्हा सासूबाईंनी, गोदाबाईंनी, तुला ओसरीवर बसवलं आणि पाणी दिलं ते कोनाड्यातल्या वेगळ्या कपात. मी उंबऱ्याच्या आत उभी होते. तू कपाकडे पाहिलंस, माझ्याकडे पाहिलंस, पाणी प्यालीस आणि प्रश्न पहिला म्हणून वहीत लिहायला लागलीस. मला तेव्हा लाज वाटली नाही, ललिता. खरं सांगते, तेव्हा मला ते रोजचंच वाटलं. लाज नंतर वाटली, तुझ्याशी बोलायला लागल्यावर, आणि ती मी तुला कधी बोलून दाखवली नाही. तू सांगितलं होतंस की छप्पन साली तुझ्या वडिलांनी घरातले देव नदीत सोडले आणि घरी येऊन म्हणाले, आता विचारल्याशिवाय काही मानायचं नाही. मला तुझा हेवा वाटला होता. आमच्याकडे विचारलं की सासूबाई म्हणत, काहून व, लई शिकली का.

आता वच्छलाचं सांगते. माझी धाकटी जाऊ, पुंजाराम भाऊजींची बायको. तुला ती नीट आठवणार नाही, कारण तू घरी यायचीस तेव्हा ती शेतातच असायची. त्या वर्षी तिला आठवा चालू होता. आधीचं एक सातव्या महिन्यात गेलेलं. पायांवर सूज, आणि ही बाई दिवसभर वेचणीला. कापूस वेचायला पोटावर ओटी बांधतात ना, तिच्या पोटावर ओटी बसायचीसुद्धा नाही, घसरून बाजूला जायची. सुकलेल्या बोंडांच्या टोकांनी बोटं फाटलेली, आणि घरी आली की त्याच बोटांनी दहा माणसांच्या भाकरी. मी अर्ध्या करू लागायचे, पण माझ्याकडे गुरं, दूध, सासऱ्यांचं अंथरुणावरचं सगळं. सासूबाई दुष्ट नाहीत. त्यांना खरंच वाटायचं की असंच असतं. त्या म्हणायच्या, आमी काय बाळंत झालो नाही. एका संध्याकाळी वच्छला पीठ मळता मळता तिथंच भिंतीला टेकली आणि मला म्हणाली, ताई, एक दिवस, फक्त एक दिवस आडवं पडाले भेटलं तर हे लेकरू राहीन.

दुसऱ्या दिवशी तू आलीस. सासूबाई देवळात गेल्या होत्या, मी एकटीच होते. तू तुझ्या त्या शांत आवाजात एकतिसावा प्रश्न वाचलास, पीक निघाल्यावर घरात काय पाळता. कापूस फुटल्यावर शेतात सीतादहीची पूजा करतो ते आधीच कोणीतरी सांगितलं होतं. शेवटचा वेचा झाला, उलंगवाडी झाली, की पुढे काही नाही. पऱ्हाट्या उपटायच्या आणि कामाला लागायचं. आणि मी तोंड उघडलं. मी म्हटलं, उलंगवाडीच्या दुसऱ्या दिवशी घरच्या सुनेनं चुलीला हात लावायचा नाही. लावला तर पुढच्या वर्षी कापसात कवडी पडते, सगळा माल डागी होतो. त्या दिवशी चूल घरच्या बाप्यांची.

होय ललिता. ते मी बनवलं. तिथंच, शेंगा सोलता सोलता.

तू मान वर करून विचारलंस, ह्याच्यामागे काही कहाणी आहे का. आता सुरुवात केल्यावर मागे कशी फिरू. मी सांगितलं की एक सून होती, तिनं शेवटचं बोंड वेचलं आणि तशीच घरी येऊन पिठात हात घातला. बोटांचं रक्त पिठात उतरलं. भाकर लाल झाली. तेव्हा कोपऱ्यातला कापसाचा ढीग बोलला, की जिच्या हातानं मी घरात आलो त्या हाताले एक दिवस इसावा द्या, नाही तर मीबी पांढरा येणार नाही. तू लिहीत होतीस आणि तुझ्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही होतं, पण माझं वेगळ्या कारणानं. लाल भाकर मी आदल्या संध्याकाळी परातीत पाहिली होती. तेवढं एक त्या कहाणीत खरं आहे.

मला वाटलं, कागदावर राहील आणि मी सासूबाईंना सांगेन की कॉलेजच्या बाईनं असं असं लिहून नेलं, एवढ्या वर्षी पाळू या. पण तुमच्या सरांचा नियम मला माहीत नव्हता. प्रत्येक उत्तर गावासमोर वाचायचं, पाच जाणत्यांनी होकार द्यायचा, सही नाही तर अंगठा करायचा, मगच ते पक्कं. तू चावडीत वाचायला लागलीस तेव्हा आम्ही बाया मागच्या भिंतीशी बसलो होतो. तीस झाले. मग एकतिसावा वाचलास. खुशालराव पाटलांनी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. हे आपल्याला ठाऊक नाही असं पहिल्यांदा कोण म्हणणार, आणि तेही जपान ऐकत असताना. पाटील खाकरले आणि म्हणाले, बरोबर हाये, आमच्या आज्याच्या वक्तापासून हाये. मग काय विचारतेस. एकजण म्हणाला, म्हणून तर रोडगे बाप्येच भाजतात ना. दुसरा म्हणाला, माझ्या आजानं तर भाकर थापताना हात पोळून घेतला होता. पाचही सह्या झाल्या. मी पदर तोंडात कोंबून हसत होते आणि घामानं भिजलेही होते.

आठ दिवसांनी उलंगवाडी झाली आणि दुसऱ्या दिवशी गावात पहिल्यांदा बाप्यांनी चुली पेटवल्या. पाटलांच्या घरून धूर असा निघाला की लोक पाणी घेऊन धावले. ह्यांनी पिठलं केलं, त्यातल्या गाठी फोडायला दात पाहिजेत. वच्छला दिवसभर झोपली. मी तिच्या पायाला तेल लावलं. महिन्याभरानं रत्ना झाली, धडधाकट, काळीसावळी, आल्या आल्या घर डोक्यावर घेणारी. मला वाटलं, एवढ्या मोठ्या खोट्याचा एवढा गोड निकाल लागत असेल तर देव माझ्याच बाजूचा आहे.

आणि सासूबाई. बाप्यांनी चुली पेटवल्या त्या सकाळी त्या ओट्यावर हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या, आणि अचानक रडायला लागल्या. त्यांच्या सासूनं त्यांना ही चाल कधी सांगितलीच नव्हती ना. त्यांना वाटलं म्हातारीनं मुद्दाम लपवली. चाळीस वर्सं मले चुलीपाशी उभी ठेवली माय, म्हणून मेलेल्या सासूला त्यांनी जे काही ऐकवलं ते मी इथं लिहीत नाही. मला तेव्हाच बोलायला हवं होतं. पण त्यांचे ते मांडीवर पडलेले हात पाहिले आणि माझी जीभ उचलली नाही. पुढच्या वर्षी त्यांनी त्या दिवशी नवं लुगडं नेसलं. लेकी सासरी ही चाल घेऊन गेल्या. तू त्रेसष्ट साली सरांना घेऊन ते पाहायला आलीस, फोटो काढलेस, आणि मी तुला वेगळ्या कपात नाही, माझ्याच पेल्यात चहा दिला आणि वाटलं, आता आपण दोघी बरोबरीच्या झालो.

आता ह्या वर्षीचं ऐक. कापूस फुटून शेतात उभा असताना नोव्हेंबरात सलग पाच दिवस पाऊस पडला. तुला अकोल्यात कळलंच असेल, साऱ्या टापूचा कापूस कवडी झाला. साऱ्या टापूचा, हं. पण आमच्या गावानं आभाळाकडे पाहिलं नाही, चुलीकडे पाहिलं. घरोघरी विचारणं सुरू झालं की गेल्या उलंगवाडीला कोणाच्या सुनेनं हात लावला. आणि वच्छलानं लावला होता. रत्नाला ताप होता, तिनं दूध कोमट केलं होतं, एवढंच. सासूबाईंनी ते पाहिलं होतं आणि तेव्हा काही बोलल्या नव्हत्या. आता बोलल्या. पाटलाच्या घरून बाया आल्या, बोलून गेल्या. पाणवठ्यावर तिच्याजवळ कोणी घागर ठेवेना. पुंजाराम भाऊजी भिंतीच्या पोपड्याकडे पाहत बसले. डिसेंबरात तिला हिवरखेडला माहेरी पाठवलं. रत्नाला ठेवून घेतलं, घरची पोर म्हणून.

मी काय गप्प बसले असेन असं तुला वाटतं का. त्याच रात्री सासूबाईंचे पाय धरून सांगितलं की हे सगळं मी रचलंय. त्या म्हणाल्या, तू काहून रचशील, कालेजच्या वहीत हाये. जावेसाठी खोटं बोलून राहिली. मी पाटलांकडे गेले, बाई असून चावडीत उभी राहिले. तू गावात ठेवून गेलेली त्या वहीची नक्कल त्यांनी कपाटातून काढली, फडक्यात गुंडाळून ठेवली आहे पोथीसारखी, आणि आपल्या सहीवर बोट ठेवून विचारलं, मी काय लबाड हाव. ज्या गावानं तुझ्या हातचं पाणी घेतलं नसतं, ते गाव तुझ्या हातचं अक्षर असं धरून बसलं आहे की माझं माझ्याच खोट्यावर चालेना. आणि बायांचं तर काय सांगू. वर्षातला तो एक दिवस जाईल ह्या भीतीनं त्या माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या. त्यांचं मला समजतं. मी त्यांच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं.

मग मी हिवरखेडला गेले. मला वाटलं, जग जाऊ दे खड्ड्यात, वच्छलाला तरी खरं कळू दे. अर्धी होऊन गेली आहे. मी तिला सगळं सांगितलं, पिठातलं रक्त, शेंगा, तू, सगळं. तिनं माझा हात हातात घेतला आणि मलाच समजावायला लागली. म्हणाली, ताई, तुमी माह्यासाठी किती करता, पण म्या हात लावला होता, माह्याच हातानं झालं. आता मी येत नाही, आली त पुन्हा कवडी पडीन. मी तिच्या अंगावर ओरडले. ती नुसती मान हलवत राहिली.

म्हणून लिहिते आहे, ललिता. ती वही घेऊन ये. आधी हिवरखेडला, वच्छलाकडे, मग इथं चावडीत, पाचही जणांसमोर, आणि नियमाप्रमाणे वाच: प्रश्न एकतीस, हे उत्तर जांभुळखेडच्या सुभद्रेनं जावेला एक दिवस निजता यावं म्हणून एकसष्ट सालच्या डिसेंबरात बनवलं, त्याआधी ते नव्हतं. माझं नाव घाल, मला चालेल. इसावा हवा असेल त्यांनी धाक न घालता पाळावा, धमक असेल तर. माझ्या तोंडचं कोणी मानत नाही, वच्छलाही नाही. तुझं मानतील. पण तू हे वाचलंस की ते पान पुस्तकातून जाईल, आणि पानाबरोबर तुझा ऑगस्टही जाईल, हे मला पक्कं कळतं. दोन महिने मी ह्याच एका गोष्टीपाशी अडले होते. तुझ्या वडिलांनी पाजलेला चहा माझ्या घशाशी यायचा. आज सकाळी मी भाकरी थापत होते, रत्ना उंबऱ्याच्या बाहेर उभी राहिली, आत येईना. मी म्हटलं ये, तव्याजवळ ऊब आहे. तिनं दोन्ही हात पाठीमागे लपवले आणि विचारलं, काकू, म्या चुलीले हात लावला त माय मरीन का. तीन वर्षांची आहे ती. ती अजून पोटात होती तेव्हा तिच्यासाठीच मी ते बनवलं होतं. नाही आलीस तरी राग धरणार नाही, असं शेवटी लिहायचं मी ठरवलं होतं. पण एक खोटं पुरे झालं. राग धरीन, आणि तरीही राहीन

तुझीच,
सुभद्रा